जाब नंतर, आधी कागद

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी ६३ वर्षांची, निवृत्त अंगणवाडी सेविका. आमच्या वस्तीकडे जाणारा दोनशे मीटरचा सिमेंटचा रस्ता गेल्या उन्हाळ्यात झाला. पंधरावा वित्त आयोग, साडेसात लाख, असं फलकावर लिहिलंय. एका पावसाळ्यात वरचा थर निघून गेला, खडी उघडी पडली. मी ग्रामपंचायतीकडे माहिती अधिकारात अर्ज केला आणि चार गोष्टी विचारल्या: रस्ता इतका निकृष्ट का झाला, याला जबाबदार कोण, ठेकेदारावर कारवाई का केली नाही, आणि झालेल्या खर्चाचा तपशील द्यावा. सव्विसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही.’ ते हातात पडून अठरा दिवस झाले. सरपंच माझ्या चुलत जावेची सून आहे, तेव्हापासून जाऊबाई बोलत नाहीत. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, आई, तुला तिथंच राहायचंय, सोडून दे. सोडू का?
– एक भगिनी, पारनेर तालुका, जि. अहिल्यानगर

ताई, नमस्कार.

सोडू नका. पण भावकीचं बोलण्याआधी तारखेचं बोलू, कारण ती थांबत नाही. उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करायचं असतं. तुम्ही लिहिलंत तेव्हा अठरा दिवस उलटले होते, म्हणजे बारा उरले होते. हे वाचाल तेव्हा त्यातलेही काही गेले असतील. म्हणून या आठवड्यात पहिलं काम अपिलाचं, बाकी सगळं त्यानंतर.

आता त्या एका ओळीच्या उत्तराकडे बघू. ते तुम्हाला उद्धट वाटलं असेल, पण त्यात थोडं खरं आहे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ प्रमाणे ‘माहिती’ म्हणजे कार्यालयाच्या दप्तरी जे आहे ते: कागद, नोंदवही, आदेश, अहवाल, नमुना, संगणकातली नोंद. जे दप्तरी नाहीच ते तयार करून द्यायचं, किंवा एखादी गोष्ट का झाली याचा खुलासा करायचा, हे माहिती अधिकाऱ्यावर बंधन नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये हेच सांगितलं, आणि तेव्हापासून ‘का’ ने सुरू होणारा प्रश्न दिसला की कार्यालयं त्या निकालाकडे बोट दाखवतात. तुमचे पहिले तीन प्रश्न त्यात अडकले.

चौथा मात्र अडकत नाही. ‘झालेल्या खर्चाचा तपशील द्यावा’ हा प्रश्नच नाही, ती सरळ नोंदीची मागणी आहे. पहिल्या तिघांच्या जोडीला बसवून तिलाही सरसकट नकार दिला, ही त्यांची चूक. शिवाय माहिती नाकारताना कलम ७(८) प्रमाणे तीन गोष्टी लिहाव्या लागतात: नकाराचं कारण, अपील किती दिवसांत करायचं, आणि अपिलीय अधिकारी कोण. एका ओळीत हे तिन्ही मावत नाही. आणि नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे माहिती अधिकाऱ्यावर असते, तुमच्यावर नाही.

तेव्हा अपील फक्त चौथ्या मुद्द्यावर करा. ‘का’ चे तीन प्रश्न त्यात ओढू नका. त्यांच्यावर भांडत बसलात तर सुनावणी तिथेच संपेल आणि खर्चाचा तपशील बाजूला राहील. अपील जोडपत्र ‘ब’ मध्ये, म्हणजे नियमांसोबत दिलेल्या ठरावीक नमुन्यात करायचं, वर वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, सोबत मूळ अर्ज आणि त्यांचं उत्तर यांच्या झेरॉक्स जोडायच्या. ग्रामपंचायतीचे अपिलीय अधिकारी साधारणपणे पंचायत समितीत बसतात, पण नाव आणि पदनाम ग्रामपंचायतीच्या माहिती अधिकाराच्या फलकावरून उतरवून घ्या. तसा फलकच नसेल तर हेही अपिलात एका वाक्यात लिहा, कारण ही माहिती आपणहून लावून ठेवणं कलम ४ प्रमाणे बंधनकारक आहे. अपिलाचा निर्णय तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत द्यायचा असतो. मुदत चुकलीच तरी विलंबाचं सबळ कारण लिहून अपील देता येतं. पण त्या सवलतीवर विसंबू नका.

अपील गेलं की दुसऱ्या दिवशी नवा अर्ज करा. माझ्या मते तुमचं खरं काम होणार आहे ते या अर्जाने.

ताई, तुम्ही कार्यालयाला जाब विचारलात. तुमचा राग रास्त आहे आणि जाब विचारायची जागाही आहे, पण ती ग्रामसभेत आणि तक्रार अर्जात. माहिती अधिकारात मागायचे ते कागद, आणि कागद मागायचे तर त्यांची नावं माहीत हवीत. गावाकडे आपण म्हणतो, ‘रस्त्याची फाइल द्या.’ पण कार्यालयात ‘रस्त्याची फाइल’ नावाचा एक कागद नसतो. एका छोट्या रस्त्यामागे कागदांची अख्खी रांग उभी असते. आधी प्रशासकीय मान्यता, म्हणजे हे काम करायचं असं ठरलं. मग अंदाजपत्रक, आणि त्याला अभियंत्याची तांत्रिक मान्यता. निविदा काढली असेल तर तिचे कागद. मग करारनामा आणि कार्यारंभ आदेश, ज्याला सगळे वर्क ऑर्डर म्हणतात. मग मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी. तिच्यावरून देयक, म्हणजे बिल, देयकावरून प्रमाणक, म्हणजे व्हाउचर, प्रमाणकावरून रोकड वहीत नोंद. शेवटी काम पूर्णत्वाचा दाखला.

यातल्या एमबीबद्दल सविस्तर सांगतो, कारण रस्त्याची खरी कहाणी तिच्यात असते. काम झाल्यावर शाखा अभियंता किंवा कनिष्ठ अभियंता जागेवर येऊन मोजमाप घेतो आणि या पुस्तिकेत लिहितो. रकाने साधे असतात: कामाचं वर्णन, लांबी, रुंदी, जाडी, आणि त्यांचा गुणाकार. शेजारी तारीख आणि सही. समजा तुमच्या रस्त्याची नोंद २०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ०.१५ मीटर जाड अशी आहे. गुणाकार ९० घनमीटर. म्हणजे ९० घनमीटर काँक्रीटचे पैसे दिले गेले. आता एक पोलादी पट्टी घेऊन रस्त्याच्या कडेला जा. जिथे बाजूची माती वाहून गेलीय तिथे काँक्रीटची कड उघडी दिसते. पट्टी उभी धरा. तिथे पंधराच्या जागी दहा सेंटिमीटर भरलं, तर रस्त्यात गेलं ६० घनमीटर. उरलेल्या ३० घनमीटरचे पैसे दिले, पण माल पडलाच नाही. लांबी-रुंदी फीत लावून कोणीही तपासू शकतं, म्हणून त्यात सहसा फसवाफसवी होत नाही. ती होते जाडीत, कारण जाडी गाडलेली असते. एकाच ठिकाणी मोजून निष्कर्ष काढू नका. निदान पाच-सहा जागी मोजा, प्रत्येक वेळी पट्टीसकट फोटो काढा, आणि मोजताना सोबत दोन माणसं असू द्या.

दुसरा कागद काँक्रीटच्या चाचणीचा. काम चालू असताना काँक्रीटचे ठोकळे भरून ठेवतात आणि ते अठ्ठावीस दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून फोडतात. याला सगळेजण क्यूब टेस्ट म्हणतात. अंदाजपत्रकात एम-२० काँक्रीट धरलं असेल, तर ठोकळ्याने दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन इतका दाब सोसायला हवा. अहवालावर ठोकळा कोणत्या तारखेला भरला ते लिहिलेलं असतं. ती तारीख आणि तुमच्या डोळ्यांदेखत काम झालं ती तारीख जुळते का, ते बघा. काम सुरू व्हायच्या आधीच्या तारखेचा ठोकळा असेल तर तो तुमच्या रस्त्याचा नाही, हे सांगायला अभियंता लागत नाही.

तिसरा कागद सगळ्यात कमी लोक मागतात, आणि तुमच्यासाठी तोच सगळ्यात कामाचा. करारनाम्यात किंवा कार्यारंभ आदेशात दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो. काम पूर्ण झाल्यापासून त्या मुदतीत रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. तुमचा रस्ता होऊन अजून फार काळ लोटलेला नाही. मुदत शिल्लक असेल तर कोणी चोर ठरायच्या आधीच तुमचा रस्ता दुरुस्त होऊ शकतो. दुसरं काही मिळालं नाही तरी ही तारीख मिळवाच.

अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये करा. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो दीडशे शब्द असं बंधन आहे, म्हणून पाल्हाळ नको. वर्णनाच्या रकान्यात साधारण असं लिहा:

‘मौजे अमुक येथील तमुक वस्तीकडे जाणाऱ्या सिमेंट काँक्रीट रस्त्याच्या कामाच्या (पंधरावा वित्त आयोग) पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेचे आदेश, मंजूर अंदाजपत्रक, निविदा काढली असल्यास स्वीकृत निविदा, करारनामा व कार्यारंभ आदेश, सर्व अटी-शर्तींसह, मोजमाप पुस्तिकेतील या कामाच्या नोंदींची सर्व पाने, अदा केलेली देयके व प्रमाणके, काँक्रीट चाचणीचे अहवाल, काम पूर्णत्वाचा दाखला, या कामाबाबत आलेल्या तक्रारी व त्यांवरील कार्यवाहीची टिपणी. तसेच या कामाच्या संपूर्ण नस्तीचे अवलोकन करण्यासाठी दिनांक व वेळ कळवावी.’

बघा, तुमचा ‘कारवाई का केली नाही’ हा प्रश्न इथे ‘तक्रारी व त्यांवरील कार्यवाहीची टिपणी’ होऊन आलाय. टिपणी असेल तर कारण तिच्यात मिळेल. नसेल तर ‘अशी नोंद उपलब्ध नाही’ हे त्यांना लेखी द्यावं लागेल. तक्रार आली आणि फाइलवर एक अक्षरही लिहिलं गेलं नाही, हे त्यांच्याच सहीने सिद्ध करणारा कागद तुमच्या हातात येईल. तोंडी खुलाशापेक्षा त्याचं वजन कितीतरी जास्त.

माहिती कशासाठी हवी हे लिहू नका. कलम ६(२) प्रमाणे ते विचारायचा त्यांना अधिकारच नाही. एमबी आणि अंदाजपत्रक आमच्याकडे नाही, ते पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात आहे, असं उत्तर येण्याची शक्यता आहे. ते खरंही असू शकतं. पण म्हणून अर्ज परत करता येत नाही. कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत त्यांनीच तो तिकडे वर्ग करायचा आणि तुम्हाला तसं कळवायचं.

अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही नाही, फक्त दाखला जोडावा लागतो. पोस्ट ऑफिस किंवा राष्ट्रीयीकृत बँकेसारख्या केंद्राच्या कार्यालयाकडे कधी अर्ज केलात तर तिथे स्टॅम्प चालत नाही, पोस्टल ऑर्डर लावा. समक्ष देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय तिथून उठू नका. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर वाद घालू नका, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

मग तीस दिवस मोजायचे. झेरॉक्सचे पैसे भरा असं पत्र येईल. दर पानाला दोन रुपये, तेव्हा पानांची संख्या आणि रक्कम ताडून बघा. पैसे भरायला सांगणारं पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांत धरत नाहीत, म्हणून पैसे लगेच भरा. काही ठिकाणी हे पत्र मुद्दाम एकोणतिसाव्या दिवशी काढतात. त्याने चिडून जाऊ नका, पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख तेवढी बघून ठेवा. तीस दिवस उलटून गेले असतील तर कलम ७(६) प्रमाणे प्रती फुकट द्याव्या लागतात. आणि विनाकारण उशीर केल्याबद्दल माहिती अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तो त्याच्या स्वतःच्या पगारातून जातो, म्हणून कायद्यातली हीच तरतूद कार्यालयात सगळ्यात जास्त लक्षात ठेवली जाते.

अर्जात अवलोकन मागायला मी मुद्दाम लिहिलंय. प्रती देताना नेमकं एखादं पान राहून जातं. समोर बसून फाइल उलटली की ते पान दिसतं. राज्य शासनाने २०१८ मध्ये जिल्हास्तर आणि त्याखालच्या कार्यालयांना दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायला सांगितलं होतं. तुमच्या पंचायत समितीत ते पाळतात का, विचारून घ्या. पाळत नसले तरी फरक पडत नाही, अवलोकनाचा हक्क कायद्याच्या कलम २ मध्येच आहे, आणि टिपणं काढायचाही. जाताना एकट्या जाऊ नका, आकड्यांची भीती नसलेलं कोणीतरी सोबत न्या. फाइल हातात आली की आधी पानांवर क्रमांक आहेत का ते बघा. नसतील तर ‘पृष्ठांकन करून द्या’ असं नम्रपणे सांगा, नाहीतर आज पाहिलेलं पान उद्या नव्हतंच म्हणतील. फाइलचे दोन भाग असतात, पत्रव्यवहार आणि टिपणी. लोक पत्रव्यवहार बघतात आणि उठतात. पण कोणी काय सुचवलं, कोणी कुठे सही केली, कोणी शंका काढली आणि ती कोणी बाजूला सारली, हे टिपणीत असतं. त्याच कलमात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. जाडीवरून वाद झालाच तर रस्त्यातून कोअर, म्हणजे आरपार भोक पाडून निघणारा काँक्रीटचा गोल तुकडा, काढून तो प्रमाणित नमुना मागता येतो, एवढं लक्षात ठेवा.

‘फाइल सापडत नाही’ असंही ऐकाल. तोंडी ऐकू नका, लेखी मागा. कायद्यात माहिती नाकारायची कारणं कलम ८ आणि ९ मध्ये दिली आहेत, त्यात ‘सापडत नाही’ हे कारण नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलंय की एकदा दप्तरी असलेला कागद मिळत नाही म्हटलं तर शोध घ्यावा लागतो आणि जबाबदारी निश्चित करावी लागते. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ आहे, त्यात अभिलेख बेकायदा हलवणं किंवा नष्ट करणं हा तुरुंगवासाची शिक्षा असलेला गुन्हा आहे. सरकारी दप्तराचे अ, ब, क, क-१, ड असे वर्ग असतात. ‘अ’ कायम ठेवायचं, ‘ड’ वर्षभराने नष्ट करता येतं. तुमच्या रस्त्याचे पैशांचे कागद इतक्यात नष्ट करायच्या वर्गात बसणारच नाहीत. तरी ‘नष्ट केले’ म्हणाले तर नष्ट करण्याचा आदेश आणि नष्ट केलेल्या अभिलेखांच्या यादीची प्रत मागा.

‘ही त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती आहे’ हे उत्तर आता जास्त ऐकू येईल. २०२५ च्या नोव्हेंबरपासून कलम ८(१)(ञ) बदललंय. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे दाखवावं लागत असे. आता ती अट गेली आणि वैयक्तिक माहिती एवढं म्हणून नकार देता येतो. हा बदल मला मनापासून चुकीचा वाटतो. गैरव्यवहाराला शेवटी कुणाचं तरी नाव असतंच, आणि नाव आलं की आता माहिती झाकता येणार. पण तुमचा अर्ज त्यात सापडू नये म्हणून माणसाबद्दल काहीच मागू नका. ठेकेदाराचं पॅन कार्ड, मजुरांचे बँक खाते क्रमांक, अभियंत्याची मालमत्ता, यातलं काही नको. कामाचे कागद मागा. सार्वजनिक पैशातून झालेल्या रस्त्याचं मोजमाप ही कोणाची खासगी बाब नाही. एखाद्या पानावर खाते क्रमांक असेल तर तो झाकून उरलेलं पान द्यायची सोय कलम १० मध्ये आहे. आणि सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती द्यावी असं सांगणारं कलम ८(२) अजून शाबूत आहे.

अर्ज करायच्या आधी एक संध्याकाळ पुण्याच्या मुलाला कामाला लावा. पंधराव्या वित्त आयोगाचे ग्रामपंचायतीचे आराखडे आणि खर्च केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर असतात. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असं निवडत गेलं की कोणत्या कामावर किती रक्कम पडली ते दिसतं. तुमच्या रस्त्याचं नाव तिथे नेमकं कोणत्या शब्दांत आहे ते बघून अर्जात तसंच्या तसं लिहा. ‘असं काम नाही’ ही पळवाट मग बंद होते.

मुलाबद्दल आणखी एक. त्याला भीती वाटते, ती खोटी नाही. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. जमिनीचे मोठे व्यवहार उघडे पाडण्यात जो धोका असतो तो वस्तीच्या रस्त्यात नसतो. तरी ठेकेदार कोणाचा कोण आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, त्याप्रमाणे जपा. माहिती मागण्याचा हक्क भारताच्या कोणत्याही नागरिकाला आहे, त्यासाठी गावात राहावं लागत नाही. नवा अर्ज मुलाने स्वतःच्या नावाने पुण्याहून स्पीड पोस्टाने टाकला तरी चालतो. त्याहून चांगलं म्हणजे वस्तीतल्या चार घरांनी चार अर्ज करावेत, एकाने एमबी मागावी, दुसऱ्याने देयकं, तिसऱ्याने चाचण्या. एकाच बाईकडे बोट दाखवता आलं नाही की दबाव टाकायला जागाच उरत नाही.

आता जाऊबाई. माझं ऐकाल तर नवा अर्ज टपालात टाकायच्या आधी त्यांच्या घरी जाऊन सुनेशी बोला. वित्त आयोगाचे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, या दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीने निघतात. कित्येक गावांत महिला सरपंचाची ती स्वाक्षरी दुसऱ्याच कोणाच्या खिशात असते, आणि कोणत्या बिलावर ती उमटली हे तिला महिनोन्‌महिने कळत नाही. तुमची सून तशी आहे असं मी म्हणत नाही, मला ते माहीत नाही. पण एमबीवर मोजमापाची सही अभियंत्याची असते, सरपंचाची नव्हे. जाडी चोरली गेली असेल तर पहिला जाब त्याला द्यावा लागेल. तिला सांगा की मी तुझ्याविरुद्ध काही करत नाही, मी फाइल मागणार आहे, आणि तूही ती एकदा वाच. पुढे चौकशी लागलीच तर ज्या सरपंचाने स्वतः फाइल वाचून ठेकेदाराला दुरुस्तीची नोटीस काढली, ती आणि जिने काहीच केलं नाही ती, यांत फार फरक पडतो. तिने ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं तर अर्ज करा. तुम्ही काही लपवून केलं नाही, हे निदान जाऊबाईंना ठाऊक असेल.

अंगणवाडीत तुम्ही वर्षानुवर्षं वजनाची आणि पोषण आहाराची रजिस्टरं भरलीत. पर्यवेक्षिका आल्या की आधी रजिस्टर मागायच्या, मुलं हडकुळी का म्हणून नंतर. तुम्हाला हे जमणार नाही असं म्हणूच नका. हा कायदा ज्या लढ्यातून आला तोही राजस्थानात असाच सुरू झाला. १९९४ च्या डिसेंबरमध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई घेतली. तिथे मस्टर आणि बिलं मोठ्याने वाचून दाखवली गेली, आणि लोकांनी उठून सांगितलं की हे नाव मेलेल्या माणसाचं, ही भिंत बांधलीच नाही. आणि आपल्या राज्याच्या कायद्यासाठी २००३ च्या ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसलेले अण्णा हजारे तुमच्याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे.

कागद आल्यावर काय? माहिती आयोग रस्ता दुरुस्त करत नाही, ठेकेदाराला शिक्षाही करत नाही. त्याचं काम माहिती मिळवून देण्यापुरतं. पहिल्या अपिलातही काही मिळालं नाही तर नव्वद दिवसांच्या आत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे, जोडपत्र ‘क’, स्टॅम्प पुन्हा वीस रुपयांचा. ते जरूर करा, पण त्यावर अवलंबून राहू नका. आयोगाकडे अपिलांचा मोठा ढीग पडून आहे, सुनावणीची तारीख यायला फार वेळ जातो, आणि तोवर दोष दायित्वाची मुदत निघून जाईल. म्हणून हातात जेवढं येईल तेवढ्यावर पुढे सरका. एमबीचं पान, तुमचे पट्टीसकट काढलेले फोटो आणि दोष दायित्वाची तारीख, एवढ्या तीन गोष्टी मिळाल्या की गट विकास अधिकाऱ्यांकडे दुरुस्तीची लेखी मागणी करा आणि प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पाठवा. मग पुढच्या ग्रामसभेत तो विषय घ्यायला आधीच लेखी द्या, आणि सभेत तुमचे ते पहिले तीन प्रश्न विचारा. तिथे कोणी ‘प्रश्नार्थक’ म्हणून ते परत करू शकत नाही. उत्तर काय मिळालं ते इतिवृत्तात लिहून घ्या, आणि सभा उठायच्या आत ते वाचून दाखवायला सांगा.

अपिलाची तारीख मात्र आधी बघा, ताई. स्टॅम्प तहसील कचेरीजवळच्या मुद्रांक विक्रेत्याकडे मिळेल, दहाचा आणि वीसचा एकदमच घेऊन ठेवा.